फुंकर राहू द्या, आधी गेम-कॅसेटमधला सेल बघा
व्हिडिओ गेमची कॅसेट चालेना तर तिच्यात फुंकर मारा, असं बरेच जण सांगतात. आम्हीही तेच करायचो! पण चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने कॅसेटच्या धातूच्या पिना उलट गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या पुसा. काडी किती काळी होते ते बघाच.

खरी भीती सेव्हची, म्हणजे खेळ कुठवर आला त्या साठवलेल्या नोंदीची. १९९०च्या दशकातल्या बऱ्याच कॅसेटमध्ये सेव्ह टिकतो तो आत सोल्डर केलेल्या बटण-सेलच्या जिवावर. सेल मेला की पाटी कोरी. १९९९च्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर या गेममध्ये तर घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून तो लवकर संपतो. (माझे ७० तास असेच पाण्यात गेले.) जुना सेल काढतानाही सेव्ह उडू शकतो, तेव्हा आधी डम्परने (कॅसेटमधला डेटा कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं उपकरण) बॅकअप घ्या, मगच सोल्डरिंग गन हातात धरा.