पी०४५६ कोड वारंवार येतो आहे : गळती फिलर नेकपाशी (टाकीत पेट्रोल भरायच्या नळीपाशी) असू शकेल का?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी जपानी सेदान आहे आणि गेल्या दोन महिन्यांत तिचा चेक इंजिनचा दिवा तिसऱ्यांदा लागला आहे. तिन्ही वेळा स्कॅनरवर एकच कोड आला, पी०४५६, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ कोंडून ठेवणाऱ्या इव्हॅप यंत्रणेत अतिशय लहान गळती. हा कोड यायला साधारण अर्ध्या मिलिमीटरचे छिद्रही पुरते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी शोधायचे म्हटले तर कुठे पाहावे हेच कळत नाही. गाडी चालवताना काहीही फरक जाणवत नाही आणि पेट्रोलचा वासही येत नाही.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मी टाकीचे झाकण बदलले, तेही कंपनीचेच घेतले, आणि कोड पुसला. दहा-बारा दिवसांनी तो परत आला. मग साठलेली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह काढून पाहिला. वीज नसताना तो बंद असायला हवा, आणि तोंडाने फुंकर मारली तर त्यातून हवा अजिबात जात नव्हती. बारा व्होल्ट दिल्यावर टक्क असा आवाज होऊन तो व्यवस्थित उघडला. शिवाय पेट्रोल भरल्यानंतरही गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू होते, त्यामुळे हा व्हॉल्व्ह उघडा अडकत असेल असे मला वाटत नाही.

गेल्या रविवारी झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात नीट पाहिले, तेव्हा फिलर नेकच्या ज्या कडेवर झाकणाचे रबर बसते तिथे तपकिरी, खडबडीत पट्टा दिसला. बोट फिरवल्यावर गंजाची बारीक भुकटी बोटाला लागली आणि नव्या झाकणाच्या रबरावरही त्याच जागी हलकी रेघ उमटलेली आढळली. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे वर एवढे दिसत असेल तर चाकाच्या आतल्या बाजूने खाली जाणारी नळीही कुजली असेल, अशी मला शंका आहे.

गॅरेजवाल्यांनी धुराची चाचणी (यंत्रणेत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे) न करताच वाफ शोषून ठेवणारा कोळशाचा कॅनिस्टर आणि दोन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे पर्ज आणि बाहेरची हवा आत येऊ देणारा व्हेंट, बदलायला सांगितले आहे. गळती कुठे आहे हे न पाहता एवढा खर्च करणे मला पटत नाही. पेट्रोल पंप आपोआप बंद झाल्यावर वरून आणखी पेट्रोल भरण्याची सवय मला कधीच नव्हती, त्यामुळे कॅनिस्टर पेट्रोलने भिजून खराब झाला असण्याची शक्यता मला कमी वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. फिलर नेकच्या कडेवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासून, तिथे झाकण पुन्हा घट्ट बसते का हे पाहणे योग्य ठरेल, की त्याने कड आणखी असमान होऊन गळती वाढेल? धुराची चाचणी करताना कॅनिस्टरजवळचा व्हेंट व्हॉल्व्ह बंद ठेवावा लागतो, कारण एरवी तो उघडाच असतो; माझा स्कॅनर फक्त कोड वाचतो आणि पुसतो, तर त्या व्हॉल्व्हला बाहेरून वीज देऊन बंद करणे सुरक्षित आहे का? टाकीत पेट्रोलची वाफ असल्यामुळे घरी केलेल्या धूर-यंत्राची मला भीती वाटते, तेव्हा एक पीएसआयपेक्षा कमी दाबावर नायट्रोजन वापरणारे गॅरेजच शोधावे का?

गाडीचे इन्स्पेक्शन पुढच्या महिन्यात आहे. दिवा लागलेला असेल तर ती नापास होईल, हे मला माहीत आहे. २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांना एक मॉनिटर (गाडीच्या एखाद्या यंत्रणेची स्वयंचाचणी) अपूर्ण असला तरी चालतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात कोड पुसून बाकीचे मॉनिटर पूर्ण होईपर्यंत गाडी चालवा, असा सल्ला एका मित्राने दिला. मला तसे करायचे नाही, कारण वाफ हवेत जातच राहील. इव्हॅपची स्वयंचाचणी गाडी रात्रभर थंड झाल्यावर आणि टाकी फार रिकामी किंवा फार भरलेली नसतानाच होते, म्हणून मी सध्या टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवत आहे.

मीठ टाकणाऱ्या प्रदेशात ज्यांनी फिलर नेक स्वतः बदलला आहे, त्यांनी त्याचे गंजलेले बोल्ट आणि क्लॅम्प न मोडता कसे काढले, हेही कृपया लिहावे.