ज्येष्ठांसाठी स्मार्टवॉच खरेदी : बॅटरी आणि दुरुस्तीबाबत सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव (ए-३०२) : सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने एकत्रितपणे स्मार्टवॉच घेण्याचे ठरवले असून त्यासाठी तीन दरपत्रके आली आहेत. तिन्हींमध्ये नाडीचे ठोके, पावलांची मोजणी आणि ब्लूटूथ कॉलिंग यांचे भरपूर वर्णन आहे. मात्र बॅटरी किती वर्षे टिकेल आणि ती बदलून मिळेल का, याबद्दल एक ओळही नाही. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी जाणकारांनी येथे सविस्तर लिहावे. सुप्रभातचे संदेश कृपया दुसऱ्या ग्रुपवर टाकावेत.

मंडळाच्या संयोजिका (बी-५०४) : दरपत्रकात ‘सात दिवसांची बॅटरी’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. मंडळातील काही जणांकडे मुलांनी दिलेली जुनी घड्याळे आहेत. ती सुरुवातीला आठवडाभर चालत असत, आता दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच बंद पडतात, आणि दुकानदार सरळ नवीन घ्यायला सांगतो. एवढ्या लवकर बॅटरी का उतरते, हे कोणी समजावून सांगेल का?

डी-१०१ (निवृत्त अभियंता) : काकू, दरपत्रकातील सात दिवस म्हणजे नवे घड्याळ एकदा चार्ज केल्यावर किती चालते याचे माप आहे, आणि तेही बहुधा पडदा सतत चालू न ठेवता आणि कॉलिंग बंद ठेवून घेतलेले. बॅटरी किती वर्षे टिकेल, हे त्यावरून कळत नाही.

घड्याळातील बॅटरी म्हणजे एक लिथियम-आयन सेल असतो. त्यात प्रत्येक चार्जिंगच्या वेळी थोडेसे लिथियम आतल्या ग्राफाइटवर साचणाऱ्या थरात अडकून पडते आणि पुन्हा कामाला येत नाही, त्यामुळे क्षमता हळूहळू कमी होत जाते. हे मोजण्यासाठी ‘चार्ज सायकल’ हे एकक वापरतात. घड्याळ साठ टक्क्यांपर्यंत उतरवून पुन्हा भरले, तर एक पूर्ण सायकल होत नाही. असे तुकडे मिळून शंभर टक्के वापर झाला की एक सायकल धरतात. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या घड्याळाची बॅटरी १००० पूर्ण सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहील अशा बेताने बनवलेली असते. रोज जवळजवळ पूर्ण उतरणाऱ्या घड्याळाच्या बाबतीत याचा अर्थ पावणेतीन वर्षे होतो. ८० टक्के ऐकायला बरे वाटते. पण जे घड्याळ नवे असताना १८ तास चालत होते, ते तेव्हा साडेचौदा तासांच्या आत मान टाकते आणि रात्री झोपेची नोंद घेण्याची वेळ येते त्याआधीच ते चार्जरवर असते. मोबाईलमध्ये आज ५००० एमएएचची (हे बॅटरीच्या क्षमतेचे एकक) बॅटरी सर्रास असते, घड्याळात साधारण ३००. जिथे मुळात शिल्लकच कमी, तिथे थोडी घटही लगेच जाणवते.

आठवड्यातून एकदाच चार्ज होणाऱ्या स्वस्त घड्याळाचे गणित मात्र वेगळे आहे. त्याच्या वर्षभरात जेमतेम ५२ सायकल होतात, म्हणजे सायकलच्या हिशेबाने ते कितीतरी वर्षे चालायला हवे. तरीही ते दोन-तीन वर्षांत थकते, कारण सेल वापराने जसा झिजतो तसाच नुसत्या वयानेही झिजतो. उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली अवस्था यांमुळे ही झीज वेगाने होते. एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले घड्याळ किंवा रात्रभर चार्जरवर गरम होत पडलेले घड्याळ याच कारणाने लवकर म्हातारे होते. चार्जिंग शक्यतो ३५ अंशांखालच्या जागेत करावे. याउलट, बंद पडलेले घड्याळ महिनोन्महिने कपाटात तसेच ठेवले तर सेल इतका उतरतो की पुढे तो चार्जच घेत नाही. ठेवायचेच असेल तर निम्मे भरून ठेवावे. त्याखेरीज स्वस्त घड्याळात मुळात कोणत्या दर्जाचा सेल टाकला आहे, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.

सी-६०३ (पुण्यातील टापकीर गल्लीत दुरुस्तीचे दुकान) : काकांनी आतली कारणे सांगितली, मी उघडण्याबद्दल लिहितो. बहुतेक स्मार्टवॉचना स्क्रू नसतात. पडदा किंवा मागचे झाकण गोंदाने चिकटवलेले असते. हीट प्लेटवर गोंद मऊ करून पातळ पत्रीने कडा उचलावी लागते, आणि पडदा आतल्या सर्किटला जोडणारी लवचिक फ्लेक्स पट्टी कोणत्या बाजूला आहे हे आधी ठाऊक नसेल तर बॅटरीऐवजी पडदाच जातो. दोन हजारांच्या घड्याळाचा पडदा सुटा मिळणे कठीण, त्यामुळे तिथेच विषय संपतो.

सेल मिळवणे त्या मानाने सोपे आहे. घड्याळातल्या चपट्या, पाकिटासारख्या पाऊच सेलवर ४०२०३० असा आकडा छापलेला असतो. तो ४ मिलिमीटर जाडी, २० मिलिमीटर रुंदी आणि ३० मिलिमीटर लांबी दाखवतो. त्याच मापाचा, सुरक्षा सर्किट असलेला सेल टापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधता येतो. परंतु काही घड्याळांत तापमान कळवणारी तिसरी तार असते, काहींचा कनेक्टर निराळा असतो, तर काही सेल घड्याळाच्या गोलाईप्रमाणे खास कापलेले असतात. तिथे बाजारातला सेल चालत नाही. सेलच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होते, म्हणून गिऱ्हाईक परत जाते.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला आधीच सांगतो. घड्याळ एकदा उघडले की पाण्याविरुद्धची मूळ खात्री राहत नाही. बी-७००० गोंदाने मी ते नीट बंद करून देतो, पण कंपनीप्रमाणे दाबाची चाचणी घेण्याचे यंत्र माझ्याकडे नाही. त्यानंतर ते घालून पोहायला जाऊ नये.

बी-२०१ : मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. दोन हजारांचे घड्याळ दोन वर्षे चालले तर महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये पडतात. तेवढ्यासाठी बॅटरी बदलण्याचा खटाटोप कशाला? दोन वर्षांनी तंत्रज्ञानही पुढे गेलेले असते.

संयोजिका (बी-५०४) : तुमचा हिशेब तुमच्या वयाला लागू पडतो. आमच्यातील अनेकांना घड्याळ मोबाईलशी जोडण्यासाठी नातवंडांची वाट पाहावी लागते. दर दोन वर्षांनी नवे ॲप, नवा चार्जर आणि नवे कोष्टक शिकायचे म्हणजे घड्याळ टेबलाच्या खणात जाणार, हे मी आत्ताच लिहून देते. ज्यांना केवळ वेळ आणि तारीख पाहायची आहे त्यांनी या खरेदीत नाव नोंदवूच नये. १९८९ पासून विकले जाणारे कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू एका बटन सेलवर सुमारे सात वर्षे चालते, आणि त्याचे झाकण चार स्क्रूंवर उघडते.

बी-२०१ : वयाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग दुरुस्त होणारे स्मार्टवॉच बाजारात आहे तरी का?

सी-६०३ : आहे, पण महाग आहे. गुगलच्या पहिल्या पिक्सेल वॉचचा पडदा फुटला तर दुरुस्तीची सोय नाही, असे कंपनीनेच २०२३ मध्ये सांगितले होते. त्याच गुगलने २०२५ च्या पिक्सेल वॉच ४ मध्ये बॅटरी आणि पडदा स्क्रू काढून बदलता येतील अशी रचना केली. घड्याळ जलरोधक असल्यामुळे ते चिकटवावेच लागते, हे कंपन्यांकडून दिले जाणारे कारण त्यामुळे निदान अंशतः तरी लंगडे पडले.

ए-७०२ (वकील) : कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहिते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार उपकरणांतील लहान बॅटऱ्या १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आल्या पाहिजेत. सतत पाण्याशी संबंध येणाऱ्या, धुण्याजोग्या उपकरणांना त्यात सवलत आहे, परंतु तिथेही स्वतंत्र तंत्रज्ञाला बॅटरी बदलता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाबाबतच्या (म्हणजे उपकरण किती सहज दुरुस्त होते, हे दाखवणाऱ्या गुणांकनाबाबतच्या) समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला आहे, पण त्याची सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून होणार असल्याने घड्याळांसाठी आज त्याचा आधार घेता येत नाही. म्हणून आपला खरा आधार विक्रेत्याने लेखी दिलेले आश्वासन हाच आहे. वॉरंटीपत्रात बॅटरीची ‘नैसर्गिक झीज’ अनेकदा वगळलेली असते, ती ओळ अवश्य वाचावी. लेखी आश्वासन असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना आपली बाजू भक्कम राहते.

डी-१०१ : सुरक्षिततेबद्दल एक मुद्दा राहिला. पडदा कडेने उचललेला दिसला किंवा मागची बाजू फुगीर लागली, तर आत वायू साठून सेल फुगला आहे असे समजावे; घड्याळ लगेच मनगटावरून काढावे, चार्ज करू नये, दाबून बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. फिटबिटने मार्च २०२२ मध्ये आयोनिक हे घड्याळ परत मागवले, तेव्हा अमेरिकेत बॅटरी तापल्याच्या किमान ११५ आणि भाजल्याच्या ७८ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. असे घड्याळ घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. ते ई-कचऱ्यातच गेले पाहिजे.

सचिव (ए-३०२) : सर्वांचे आभार. तिन्ही विक्रेत्यांना आज पत्र पाठवत आहे. बॅटरी बदलून मिळते का, पुण्यातच मिळते का, आजच्या दराने खर्च किती येतो, आणि बदलल्यानंतर पाण्याविरुद्धची हमी कायम राहते का, एवढे प्रश्न त्यात असतील. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेल्यास वॉरंटीत काय मिळेल, हेही विचारले आहे. उत्तर लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह हवे. फोनवरचे ‘होऊन जाईल’ चालणार नाही. दादा, जमल्यास नमुन्याचे घड्याळ आले की तुम्ही एकदा पाहून घ्याल का?

सी-६०३ : अवश्य. फक्त विक्रेत्याला सांगा की नमुना उघडण्याची परवानगीही लेखी द्यावी. ती देताना तो किती आढेवेढे घेतो, त्यावरूनच मला बरेचसे कळेल.

संयोजिका (बी-५०४) : मग उत्तरे येईपर्यंत मंडळाकडून आगाऊ रक्कम देणार नाही. ज्यांनी माझ्याकडे आधीच पैसे जमा केले आहेत, त्यांनी उद्या सायंकाळी क्लबहाऊसमध्ये येऊन ते परत घ्यावेत आणि वहीत सही करावी.