मदत हवी आहे: आईच्या केमोसाठी पोर्ट की पिक लाइन?

स्तनाच्या कर्करोगासाठी आईची केमोथेरपी लवकरच मुंबईत सुरू होत असून सायकल दर 21 दिवसांनी आहे. तिच्या शिरा इतक्या बारीक आहेत की साध्या रक्ततपासणीलाही दोन-तीनदा टोचावे लागते. त्यात डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध शिरेबाहेर झिरपल्यास आजूबाजूच्या ऊतींना गंभीर इजा होते, म्हणून डॉक्टरांनी छातीत पोर्ट (त्वचेखाली बसवलेली, नळीने मोठ्या शिरेला जोडलेली छोटी डबी) किंवा दंडात पिक लाइन (दंडाच्या शिरेतून आत नेलेली, टोक बाहेर राहणारी बारीक नळी), यांतले एक निवडायला सांगितले आहे. पिक लाइनचे ड्रेसिंग दर आठवड्याला बदलावे लागते आणि मधल्या काळात आम्ही रत्नागिरीजवळच्या गावी असू, जिथे प्रशिक्षित परिचारिका नाही. पोर्टचा खर्च झेपेल, पण त्यासाठीच्या छोट्या शस्त्रक्रियेची आईने फार धास्ती घेतली आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे, पोर्टची जागा साधारण किती दिवस दुखली आणि कोकणातल्या घामट हवेत पिक लाइनची निगा घरच्यांना राखता आली का?