ऑरिक्स वाचला, पाकोळी गेली. असं का?

निशाचर:
अरबी ऑरिक्स, म्हणजे वाळवंटातला पांढरा कुरंग, संपत आलाय हे दिसताच 1962 मध्ये एडनच्या मागच्या वाळवंटात त्याला जिवंत धरायला मोहीम गेली. तिथले तीन, शिवाय लंडन, कुवेत आणि सौदीतून मिळालेले सहा, असा नऊ जनावरांचा कळप अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जमला. 1972 मध्ये ओमानच्या वाळवंटातले शेवटचे ऑरिक्स शिकाऱ्यांनी संपवले. तरी 1982 मध्ये त्याच ओमानात ते पुन्हा मोकळे सोडता आले.

आता ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावरची पाकोळी, म्हणजे एवढंसं वटवाघूळ, घ्या. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. धरून पैदास करा, असं तज्ज्ञ आधीपासून सांगत होते. सरकारने परवानगी दिली जुलै 2009 मध्ये. ऑगस्टमध्ये लोक बेटावर पोचले तेव्हा यंत्रावर एकाच पाकोळीचा आवाज येत होता. ती हाती लागली नाही. 26 ऑगस्टनंतर तोही आवाज आला नाही. दोन्ही सस्तन प्राणी, दोघांचीही पिल्लं आईच्या दुधावर वाढणारी. ऑरिक्स देखणा म्हणून वाचला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजमाप:
नाही पटलं. ऑरिक्स कुंपणात चरतो, तिथेच वितो. त्याचा वैरी कोण तेही ठाऊक होतं: गाडीतून येणारा बंदूकवाला. फिनिक्स निवडलं तेही तिथली हवा अरबस्तानासारखी कोरडी म्हणून. पाकोळीच्या बाबतीत बाहेरून आलेले साप, मुंग्या, मांजरं, उंदीर, सगळ्यांवरच संशय. आणि उडता उडता किडे टिपणाऱ्या एवढ्याशा जिवाला पिंजऱ्यात जगवणं ही वेगळीच विद्या आहे. यात रूपाचा संबंध येत नाही.

खानापूरकर:
विद्या अवघड आहे म्हणूनच लवकर हात घालायला हवा होता ना! वाघळं उंदरांसारखी भराभर वाढतात असं लोक धरून चालतात. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, ऑरिक्ससारखीच. आमच्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतली रॉटनची वाघळं 1913 मध्ये शास्त्राला कळली आणि पुढे कित्येक दशकं जगात तेवढ्या एकाच गुहेतून माहीत होती. अशी गुहा एकदा बिघडली तर कुठल्या प्राणिसंग्रहालयातून आणणार?

मोजमाप:
गुहा जपायलाच हवी, त्यावर वाद नाही. पण रूपाचं म्हणाल तर ओमानातलं पुढचं ऐका. 1996 पर्यंत कळप साडेचारशेवर गेला होता. खासगी संग्रहांसाठी जिवंत ऑरिक्स चोरून विकले जाऊ लागले. 2007 पर्यंत उरले 65. सरकारने अभयारण्य नव्वद टक्क्यांनी आक्रसलं आणि युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीतून काढलं. देखणेपणच त्याच्या मुळावर आलं.

निशाचर:
हे मान्य. देखणेपणाचा मुद्दा मागे घेतो, उशिराचा घेत नाही. ऑरिक्सला धरायला माणसं गेली तेव्हा रानातला शेवटचा कळप संपायला अजून दहा वर्षं होती. पाकोळीच्या वेळी परवानगी मिळाल्यापासून शेवटच्या आवाजापर्यंत दोन महिनेसुद्धा नव्हते.