कमोडोर ६४ च्या जुन्या टेक्स्ट फाइल पीसीवर नीट का दिसत नाहीत?

टिंगटाँग_८६:
काका १९८० च्या दशकात इंग्लंडला होते तेव्हा सी६४ वापरायचे, त्यांच्या फ्लॉप्यांच्या इमेज (म्हणजे अख्ख्या डिस्कच्या हुबेहूब नकला) मिळाल्यात. एका फाइलीत सगळं कॅपिटलमध्ये दिसतंय आणि जिथे खरं कॅपिटल हवं तिथे डोक्यावर टिंबं-रेघा असलेली युरोपी अक्षरं, शिवाय अख्खी फाइल एकाच ओळीत. दुसऱ्या फाइलीत तर नुसतीच कॅपिटल, मधली अक्षरं गायब. फाइल करप्ट झाल्यात का?

रॉम_राम:
करप्ट वगैरे काही नाही, हे पेटस्की आहे, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला नंबर याची कमोडोरची स्वतःची यादी. कमोडोरने १९७७ च्या पेट कॉम्प्युटरसाठी काढलं ते सी६४ वरही चालवलं. मूळ घेतलं १९६३ च्या आस्कीवरून, म्हणजे अशाच प्रमाण यादीवरून, ज्यात स्मॉल लिपीच नव्हती पण वरचा नि डावा बाण होते, म्हणून तर ते त्या कीबोर्डवर अजून आहेत. स्मॉल-कॅपिटल मोडमध्ये ६५ ते ९० वर स्मॉल बसतात आणि कॅपिटल १९३ ते २१८ वर. ओळ संपते फक्त १३ ने. तर ६५-९० मध्ये ३२ मिळव, १९३-२१८ मधून १२८ वजा कर, १३ चा १० कर. पण एकाच फेरीत कर हां, आधी १२८ वजा केलेस तर कॅपिटल येऊन ६५ वर बसतील आणि पुढच्या फेरीत परत स्मॉल होतील, मग बस बोंबलत.

अर्धा_बाइट:
दुसरी फाइल पेटस्की नाही, स्क्रीन कोड आहे. मशीन एकच पण व्हिडिओ मेमरीतले नंबर वेगळे, तिथे स्मॉल ए म्हणजे १, कॅपिटल ए ६५. काही वर्ड प्रोसेसर हेच थेट डिस्कवर लिहायचे. १ ते २६ पीसीला कंट्रोल कॅरेक्टर (अक्षरं नव्हे, न दिसणारे हुकूम) वाटतात म्हणून स्मॉल दिसतच नाहीत. त्यांत ९६ मिळव.

पीडीपीवाला:
तुम्ही निदान बाइटला एक अक्षर तरी देताय! डेक कंपनीच्या पीडीपी-११ कॉम्प्युटरवर रॅडिक्स-५० नावाच्या पद्धतीत १६ बिटांत, म्हणजे दोन बाइटांत, तीन अक्षरं कोंबायचे. चिन्हं मोजून ४० (नावातलं ५० अष्टमान पद्धतीतलं, म्हणजे ४०च), आणि ४० चा घन ६४०००, म्हणजे १६ बिटांच्या ६५५३६ मध्ये आरामात मावतो. एबीसी म्हणजे १ गुणिले १६००, अधिक २ गुणिले ४०, अधिक ३, झाले १६८३. फाइलच्या नावाला सहा अक्षरं नि एक्स्टेन्शनला तीन हे त्यातूनच आलं. मेमरी महाग होती हो, कुणी हौसेने नाही केलं.

रॉम_राम:
पटलं, पण कमोडोरला ते कारण लागू नाही. अटारी कंपनीनेही १९७९ ला आपल्या कॉम्प्युटरवर ओळ संपवायला १५५ घेतला. ज्याने त्याने आपलंच घोडं दामटलं आणि निस्तरतोय कोण, तर आपण. पेटवर ग्राफिक्स मोड नव्हता म्हणून चौकटी नि पत्त्यांची चिन्हं अक्षरांत घातली हे मात्र भारी होतं, त्यातली राहिलेली बरीचशी २०२० ला युनिकोड १३ मध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या लिप्यांच्या प्रमाण यादीत, आली.

टिंगटाँग_८६:
पहिली फाइल झक्कास उघडली! दुसरीत अक्षरं आली पण १३ कुठेच नाही, ओळ तुटायला हवी तिथे ३१ दिसतोय.

अर्धा_बाइट:
३१ म्हणजे स्क्रीन कोडमधला डावा बाण, त्या प्रोग्रामने रिटर्नला तोच वापरलाय. तिथे १० टाक.