ज्या प्रतिमानात एकही मोजमाप नाही, त्याला सेमिनारचा तास द्यावा का?

नागकाठ (धागाकर्ता)

नागपुरात निसर्गातल्या आणि भौतिक व्यवस्थांच्या गणिती प्रतिमानांवर (मॉडेल्सवर) होणारे सेमिनार मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. अलीकडे मागच्या बाकावर बसून मी दोनच नोंदी करतो: वक्त्याने पहिले समीकरण कितव्या मिनिटाला लिहिले आणि पहिला मोजलेला आकडा कितव्या मिनिटाला सांगितला. पहिली नोंद बहुधा दुसऱ्याच मिनिटाला होते, दुसरी मात्र पुष्कळदा कोरीच राहते. ताणल्या जाणाऱ्या पत्र्यावरून वाहणारा द्रव असो की जाड वर्तुळाकार तबकडीत उष्णतेने निर्माण होणारे ताण असोत, समीकरणे परिमाणहीन केली जातात (म्हणजे मीटर-सेकंदासारखी एकके त्यांतून काढली जातात), रंगीत आलेख येतात, ‘हे प्राचल (पॅरामीटर) वाढवल्यास वेग घटतो’ असे वाचून दाखवले जाते आणि चहा येतो. तो पत्रा कोणत्या कारखान्यातला, हे विचारणाऱ्याकडे सगळे वळून पाहतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी वस्त्यांमध्ये शिरले. असे पाणी कसे वाहते याची समीकरणे सेंट व्हेनाँ यांनी १८७१ मध्येच मांडून ठेवली आहेत. आमच्या सेमिनारांमध्ये मात्र शहरातूनच वाहणारी नागनदी मी अद्याप ऐकलेली नाही.

म्हणून प्रस्ताव असा की, निसर्गातल्या व्यवस्थेचे प्रतिमान मांडणाऱ्या प्रत्येकाने निदान एक मोजमाप आपल्या उकलीशेजारी ठेवावे, अन्यथा त्याला तास देऊ नये. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथीच्या रोगाचे प्रतिमान प्रसिद्ध केले, तेव्हा मुंबई बेटावरील १९०५-०६ च्या प्लेगमधल्या मृत्यूंचे आकडे त्यांनी त्याच लेखात आपल्या वक्ररेषेशेजारी छापले होते.

सीमाअट

धागाकर्त्यांची तळमळ समजते, परंतु अट अमान्य आहे. पत्र्याच्या लेखांविषयी त्यांनी जे लिहिले त्यातले बरेच मलाही कबूल आहे (त्यांतले काही मीच तपासून परत पाठवले आहेत), मात्र त्या लेखांचा दोष मोजमाप नसणे हा नसून त्यांत नवा प्रश्नच नसणे हा आहे.

हवामानाचा अंदाज गणिताने काढू पाहणारे लुइस रिचर्डसन यांचे उदाहरण घ्या. त्यांनी २० मे १९१० च्या प्रत्यक्ष नोंदी घेऊन हवेचा दाब हाताने गणित करून काढला आणि १९२२ मध्ये ते सारे गणित छापले. सहा तासांत १४५ मिलिबारचा बदल होईल असे त्यांचे उत्तर आले, तर प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. मोजमापे होती आणि समीकरणेही बरोबर होती. परंतु आरंभीच्या नोंदींतल्या किंचित असमतोलामुळे गणितात गुरुत्वतरंग (गुरुत्वाकर्षणामुळे हवेत उठणाऱ्या जलद लाटा) उसळले आणि त्यांनी खरा बदल गिळून टाकला. समीकरणांतून कोणते तरंग गाळावेत आणि कोणते ठेवावेत, हे पुढे कागदावरच्या विश्लेषणातून समजले, आणि १९५० मध्ये एनिॲक या संगणकावर हवेचे अंदाज काढता आले ते त्यानंतरच. आपल्या नियमाप्रमाणे रिचर्डसन यांना तास मिळाला असता, पण त्यांची चूक कशी दुरुस्त होईल हे सांगणाऱ्याला मिळाला नसता.

एप्सिलॉन

प्लेगचे उदाहरण देऊन धागाकर्त्यांनी स्वतःच्याच प्रस्तावाच्या पायावर धोंडा मारून घेतला आहे. ती वक्ररेषा सतराव्या आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंचे शिखर गाठते आणि आकड्यांशी डोळ्यांना सुखद अशी जुळते. परंतु ज्या साध्या समीकरणांतून ती निघते, त्यांत रोग एकाकडून दुसऱ्याकडे थेट जातो, तर मुंबईचा प्लेग उंदीर आणि त्यांच्यावरच्या पिसवांमार्फत पसरत होता. माणसांमधला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचे प्रतिबिंब मानले आहे, हे लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलेही आहे; उद्धृत करताना ते वाक्य कोणी सोबत घेत नाही, एवढेच. शिवाय मुंबईत प्लेग दरवर्षी उन्हाळा चढू लागला की ओसरत असे. म्हणजे प्रतिमानाने जी उतरण लागण होण्याजोगे जीव घटल्याच्या खात्यावर टाकली, तिच्यात ऋतूचा वाटा किती होता, हे त्या सुंदर जुळणीवरून कळत नाही. तीन स्थिरांक हाताशी असल्यावर घंटेच्या आकाराची रेषा घंटेच्या आकाराच्या आकड्यांवर बसवणे फारसे कठीण नसते.

निवृत्त पाटबंधारे

तुम्ही मंडळी १९१० आणि १९२७ मध्ये रमलात; मी पुलाखालचे सांगतो. कोणी नदीचे प्रतिमान मांडले की मी एकच विचारतो: मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक (पात्र पाण्याला किती अडवते ते सांगणारा आकडा) किती घेतला आणि का? स्वच्छ, सरळ नैसर्गिक पात्राला ०.०३० च्या आसपास घेतात. झुडपे, गाळ आणि अडकलेले प्लॅस्टिक असेल तर तो सहज दुप्पट धरावा लागतो. रुंद पात्रात विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) आणि उतार तेच ठेवून गुणांक दुप्पट केला, तर पाण्याची खोली सुमारे दीडपट होते. १ मीटर पाण्याचे दीड मीटर झाले की ओटा आणि स्वयंपाकघर यांतला फरक संपतो. तो गुणांक पुस्तकातल्या तक्त्यातून उचललेला असेल, तर पुढची दहा पाने सिद्धता मी ऐकून घेतो, पण त्या उत्तरावर भिंतीची उंची ठरवणार नाही. धागाकर्त्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पीएचडीचे तिसरे वर्ष

काका, आपला प्रश्न योग्यच आहे, परंतु तो गुणांक ठरवण्यासाठी लागणाऱ्या नोंदी मिळवणे किती अवघड असते, हे या धाग्यावर कोणीच लिहिलेले नाही. नोंदी मागण्यासाठी मी एका कार्यालयात चार वेळा गेले आणि चौथ्या वेळी पहिलाच अर्ज पुन्हा लिहून द्यावा लागला. अखेर नोव्हेंबरमध्ये मैत्रिणीला घेऊन नागनदीच्या काठी दोरीने २० मीटर मोजले, दोन टोकांना काठ्या रोवल्या आणि कळमना बाजारात टाकून दिलेली सात संत्री एकेक करून पाण्यात सोडली. संत्रे बरेचसे बुडून तरंगते, म्हणून त्याला वारा कमी लागतो; त्यावरून मिळालेल्या पृष्ठवेगाला साधारण ०.८५ ने गुणले की सरासरी वेगाचा अंदाज येतो. त्या दिवशी नदीत पावसाचे पाणी नव्हतेच, होते ते शहराचे सांडपाणी. सातांपैकी तीन संत्री पिशव्यांच्या गुंत्यात अडकली आणि उरलेल्या चारांत सर्वांत जलद आणि सर्वांत मंद यांच्या वेळांत जवळपास दीडपट फरक पडला.

आता ‘एक मोजमाप दाखवा, तरच तास मिळेल’ असा नियम झाल्यास या चारांपैकी माझ्या आलेखाला सोयीचे संत्रे मी दाखवणार, आणि अडकलेल्या तिघांचा उल्लेखही करणार नाही. वास्तविक नदीविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या तिघांनीच सांगितली होती.

नागकाठ (धागाकर्ता)

अडकलेल्या संत्र्यांपुढे माझा नियम जसाच्या तसा टिकत नाही, हे मान्य करतो. एप्सिलॉन यांचा मुद्दाही मला खोडता आला नाही. प्रस्ताव बदलतो: उकल दाखवण्यापूर्वी वक्त्याने सांगावे की, निसर्गात अमुक दिसल्यास मी हे प्रतिमान मागे घेईन. मोजमाप असेल तर ते अडकलेल्या संत्र्यांसह सगळे दाखवावे. नसेल तर कोणते हवे आहे आणि ते कोठे घेता येईल, हे सांगावे. काकांचा प्रश्न प्रत्येकाला विचारला जाईलच.

सीमाअट

हे पूर्वीपेक्षा बरे आहे, परंतु यातही एक फट राहते. उकल अस्तित्वात आहे की नाही, असल्यास एकच आहे का, हे सिद्ध करणारे प्रमेय कोणत्याही निरीक्षणाने पडत नाही. त्याच्या वक्त्याने ‘अमुक दिसल्यास मागे घेईन’ यात काय भरावे? माझे म्हणणे इतकेच की, व्याख्यानाच्या शीर्षकात नदी, हवा किंवा रोग असेल तर ही अट अवश्य लावावी. शीर्षकात केवळ समीकरण असेल, तर लावू नये. आणि पत्र्याच्या लेखकांना शीर्षकात पत्रा ठेवायचा असल्यास, तो कोणत्या कारखान्यातला आहे हे त्यांना खुशाल विचारावे.