पाणभुंगेऱ्यांच्या जोडशुक्रपेशी : स्लाइड तयार करण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. पाण्यात शिकार करणाऱ्या डायटिसिडी कुळातील भुंगेऱ्यांच्या शुक्रपेशींचा मी अभ्यास करीत आहे आणि एका टप्प्यावर अडकलो आहे.

या कुळातील अनेक जातींत नराच्या शुक्रपेशी एकेकट्या न पोहता डोक्याला डोके चिकटवून जोडीने पोहतात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ एमिल बालोवित्झ यांनी 1895 सालीच अशा जोड्यांचे वर्णन केले होते. काही जातींत तर डोकी एकात एक बसून नाण्यांच्या चळतीसारखी रचना होते. 2012 मध्ये हिगिन्सन व सहकाऱ्यांनी असे दाखवले की मादीच्या जननमार्गाची रचना बदलते तशी शुक्रपेशींची घडणही बदलत जाते, म्हणजे उत्क्रांतीचा रेटा येथे मादीच्या शरीराकडून येतो. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण एरवी सगळी चर्चा नरांच्या आपसातील स्पर्धेपाशीच थांबते.

माझी अडचण अशी. ताज्या द्रवात दोन शेपट्या एकाच लयीत वळवळताना स्वच्छ दिसतात, परंतु थेंबावर काचपट्टी ठेवून काही मिनिटे झाली की बऱ्याच जोड्या सुटतात. मादीच्या शरीरातही त्या पुढे सुटतातच, त्यामुळे मला दिसणारे सुटणे नैसर्गिक आहे की द्रावणाच्या क्षारतेचा परिणाम, हे ठरवता येत नाही.

कीटकांच्या शुक्रपेशींवर काम केलेल्या कोणी कोणते द्रावण वापरले आणि ग्लुटराल्डिहाइड (पेशी आहेत त्या स्थितीत टिकवणारे रसायन) नेमके कोणत्या क्षणी घातले, हे कृपया सविस्तर सांगावे.